रुमालाखालचा भाव आणि हातातला मोबाईल



बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत आपल्यातल्या जुन्या माणसांनी पाहिली आहे. भुसाराचे सौदेही एके काळी असेच होत. व्यापारी आणि अडत्या एकमेकांची बोटे दाबत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलाव आणला. रुमाल गेला, पण बातमी व्यापाऱ्याकडेच राहिली. शहरात कोणत्या ज्वारीला उठाव आहे, गिऱ्हाईक कशाने नाराज आहे, हे त्याला ठाऊक असते. आपण पोती उतरवतो, हिशेबपट्टी घेतो आणि गावाकडची एस.टी. पकडतो. आपली ज्वारी ज्याने खाल्ली तो काय म्हणाला, ते आपल्या कानावर कधी येतच नाही.

आता तो खाणारा मोबाईलवर बोलतो आहे. फेसबुकवर लिहितो, यूट्यूबच्या चित्रफितीखाली तक्रार करतो, पुडके मागवले की त्याच्याखाली बरा-वाईट अभिप्राय टाकतो. मोठ्या कंपन्या हे सगळे वाचायला पगारी माणसे ठेवतात. लोक आपल्या मालाबद्दल काय म्हणतात आणि शेजारच्या कंपनीच्या मालाबद्दल काय म्हणतात, याची रोजची नोंद त्यांच्याकडे असते. हे बोलणे उघड्यावर चालले आहे, वाचायला पैसे पडत नाहीत. तरीही आपण ते वाचणार नसलो, तर रुमाल आपणच आपल्या डोळ्यांवर बांधून घेतला असे म्हणावे लागेल.

पण मोबाईल आला म्हणजे भाव आला, असे सांगणाऱ्यांवरही आमचा विश्वास नाही. याबाबत दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल पोचला. तारली पकडणारे कोळी समुद्रातूनच बंदरांवर चौकशी करू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासा ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाला आणि फेकून द्यावा लागणारा मासा जवळजवळ थांबला.

त्याच २००७ साली आपल्या महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा सुरू झाली. बाजारभाव आणि हवामान मोबाईलवर येऊ लागले. १०० गावांत तिची तपासणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला. सेवा घेणाऱ्या शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि न घेणाऱ्याला मिळालेला भाव यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

असे का व्हावे? आमचे उत्तर सरळ आहे. कोळ्याला भाव कळला की तो नाव दुसऱ्या बंदराकडे वळवू शकत होता. आपली गाडी मात्र उचल घेतलेल्या अडत्याच्या गाळ्याशी बांधलेली. बातमी कळूनही ज्याला काही बदलता येत नाही, त्याला ती बातमी म्हणजे फक्त मनस्ताप. म्हणून बातमी ऐकायची ती जिथे आपल्याला काही बदलता येईल तिथली.

शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचेच घ्या. भीमेच्या काठाला ऊस, वरच्या माळाला रब्बीची ज्वारी. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये. पुण्यात ज्वारीच्या पिठाच्या पुडक्यावर काय किंमत छापली आहे, ते प्रत्येकाने एकदा दुकानात जाऊन वाचावे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरातल्या माणसाला ज्वारीची आठवण झाली ती चांगलीच गोष्ट, पण त्या आठवणीचे पैसे माळावर किती आले?

समजा गावातल्या पाच बायांनी एकत्र येऊन, अन्न परवान्याची नोंदणी करून, पीठ विकायचे ठरवले. जाहिरातीत त्या कंपनीच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण महिनाभर त्यांनी कंपन्यांच्या पिठाखालचे अभिप्राय वाचले, तर काय सापडेल? पीठ कडू लागले, भाकरी थापताना चिरली, अशा तक्रारी. कारण आपल्या घराघरांत माहीत आहे. ज्वारीच्या कोंबात तेलाचा अंश असतो, दळल्यावर तो हवेने खवट होतो. जुने पीठ चिकटपणा सोडते आणि भाकरी फाटते. कंपनीचे पीठ गोदामात आणि दुकानात पडून राहते. तिला त्यावर सोपा इलाज नाही. मांडवगणच्या बायांना आहे. सोमवारी दळायचे, पुडक्यावर दळल्याची तारीख ठळक घालायची, बुधवारी पुण्यात पोचवायचे आणि पुडके लहान ठेवायचे. जिथे मोठा हरतो तिथे लहान जिंकू शकतो, पण ती जागा गिऱ्हाईकच दाखवते. त्याचे ऐकले नाही तर आपण स्वस्त देण्याच्या शर्यतीत उतरू आणि त्या शर्यतीत लहान माणूस मरतो.

कापूसवाल्या भावांना वेगळे सांगायचे आहे. मोबाईलवरचे सगळेच बोलणे गिऱ्हाइकाचे नसते. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच होणार, अशा भविष्यवाण्या मोबाईलवर फिरल्या. लोकांनी घरात कापूस भरून ठेवला, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली आणि भाव खालीच आला. भविष्य सांगणाऱ्याचा त्यात एक रुपया गेला नाही. म्हणून नियम लक्षात ठेवा: ज्याने पैसे मोजून माल घेतला त्याचे बोलणे वहीत लिहा, ज्याला फक्त बघे हवेत त्याचे सोडून द्या. एकाने म्हटले तर थांबा, दहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी तेच म्हटले तर कामाला लागा. खोट्या नावाने कोणाच्या खाजगी गटात शिरू नका आणि आपल्याच मालाची खोटी स्तुती लिहू नका. लबाडी उघडी पडली की गेलेली पत परत येत नाही.

आमची सूचना छोटी आहे. ज्या गावात कोणी पीठ, डाळ, हुरडा, सरकीची पेंड असे काही थेट विकते, तिथे शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने आठवड्यातून एक तास हे वाचन करावे. वहीत चार रकाने आखावेत: लोक काय मागतात, कशाला नावे ठेवतात, काय भाव मोजतात, शेजारचा विक्रेता काय नवीन करतो. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा: आपण काय बदलले. तो कोरा राहिला तर पहिले चार भरण्यात वेळ घालवू नये.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना ही वही बरोबर आणा. उघड लिलाव, बांधावरून विक्रीची मोकळीक, उचलीच्या फासातून सुटका, यांसाठीची लढाई चालूच राहील; वहीने ती संपत नाही. पण मोकळीक मिळेल त्या दिवशी आपले गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय हवे, हे आपल्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. घामाचे दाम मागायचे तर दाम देणाऱ्याचे बोलणे आपल्या कानाने ऐकावे लागेल.