नोकरी बदलली, मग पेन्शनचं काय?



सोनारीहून (ता. परंडा) एका बहिणीचं पत्र आलं आहे. त्यांचे पती 2015 पासून एसटीत कंडक्टर आहेत. आता जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून त्यांची निवड झाली, अल्हम्दुलिल्लाह. सोबतचे लोक म्हणतात, "राजीनामा द्या, सगळा हिशेब काढून घ्या, घरावर दोन खोल्या चढतील." बहीण विचारतात, अकरा वर्षांच्या पेन्शनचं काय?

बहिणी, आधी पीएफ आणि पेन्शन वेगळे करा. पगारातून कापले जाणारे 12 टक्के पीएफमध्ये जातात. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरून, कर्मचारी पेन्शन योजना 1995 मध्ये जातात. या योजनेत दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. मग ती रक्कम एकदम काढता येत नाही, आणि ते बरंच आहे.

हिशेब सोपा आहे. पेन्शनचा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पंधरा हजार आणि अकरा वर्षं धरली तर वयाच्या 58 पासून महिन्याला सुमारे 2,357 रुपये, हयातभर. त्यांच्यानंतर निम्मी पेन्शन तुम्हाला. रक्कम मोठी नाही, पण म्हातारपणी औषधासाठी मुलांपुढे हात पसरावा लागत नाही.

जिल्हा परिषदेत राष्ट्रीय पेन्शन योजनेचं नवं खातं उघडेल. एसटीची वर्षं त्यात मिळणार नाहीत, पण बुडणारही नाहीत. त्यासाठी फॉर्म 10-सी भरून 'स्कीम सर्टिफिकेट' मागा. 58 व्या वर्षी तेच लावून फॉर्म 10-डी भरायचा.

हे कळकळीनं सांगतोय, कारण आमच्या घरात चूक झाली आहे. माझ्या मेव्हण्यांनी एका साखर कारखान्यात नऊ वर्षं काढली. सोडताना त्याच फॉर्मवर रक्कम परत मागितली, साठेक हजार मिळाले, लग्नात खर्च झाले. दुसरीकडे सात वर्षं झाली आणि 58 पूर्ण झालं. एकूण सोळा वर्षं, पण पेन्शन शून्य. पहिल्या वेळी सर्टिफिकेट घेतलं असतं तर दोन्ही सेवा जोडल्या गेल्या असत्या. आज आपा शिलाई करून घर चालवते.

एका सरकारी खात्यातून दुसऱ्यात जाणाऱ्यांनी, विशेषतः 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागून जुन्या पेन्शनमध्ये असलेल्यांनी, आणखी जपावं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 प्रमाणे साधा राजीनामा दिला की मागची सेवा जाते. रीतसर परवानगी घेऊन, दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिला तर सेवा टिकते. म्हणून अर्ज कार्यालयामार्फत करा आणि राजीनाम्यात नव्या पदाचा उल्लेख करा.

तर बहिणी, पतींना सांगा: ना-हरकत पत्र घ्या, यूएएनवर आधार, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख बरोबर आहे का पाहा, वारसांची नावं भरा. सर्टिफिकेट आलं की घराच्या कागदांसोबत ठेवा, आणि कुठे ठेवलं ते तुम्हालाही माहीत असू द्या.

खोल्या आज ना उद्या होतील, इन्शाअल्लाह. नव्या नोकरीसाठी मुबारकबाद.