आधी कान बघा, मग यंत्र द्या

श्रवणयंत्र वाटपाचे शिबिर. समोरच्या आजोबांच्या कानात कापसाचा बोळा आहे. तो काढून बाजूला ठेवला जातो, यंत्र कानात बसते, ‘आजोबा, ऐकू येतंय का?’ असा प्रश्न होतो. आजोबा मान डोलावतात, फोटो निघतो. बोळा पिवळा का पडला होता, हे कुणी विचारत नाही.

असे एकाही शिबिरात होता कामा नये. कापूस घातलेला असतो तो कान वाहतो म्हणून. आत पडद्याला भोक असेल. किंवा पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिची पिशवी झाली असेल आणि ती भोवतालचे हाड पोखरत असेल. या रोगाला डॉक्टर कोलेस्टिॲटोमा म्हणतात. त्याची मजल चेहऱ्याच्या नसेपर्यंत, कधी मेंदूपर्यंत जाते. वाहत्या कानात यंत्राचा साचा घट्ट बसवला की हवा कोंडते, ओल साचते, पू वाढतो. आवाज मोठा येऊ लागल्याने घरचे निर्धास्त होतात आणि आतला रोग पसरत राहतो.

कमी ऐकू येणे हे लक्षण आहे. त्यामागे नुसता मळ असू शकतो. तो काढला की यंत्राची गरजच उरत नाही. मधल्या कानातले इवलेसे हाड जखडले असेल, तर शस्त्रक्रियेने ऐकू येऊ शकते. एकाच कानाने ऐकू येईनासे झाले, तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहावे लागते. आणि एका रात्रीत कान बंद झाला, तर ती तातडीची वेळ असते. स्टिरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक. तो वेळ यंत्रांच्या किमती विचारण्यात गेला, तर गेलेले ऐकणे कायमचे जाऊ शकते.

अमेरिकेने 2022 मध्ये प्रौढांसाठी श्रवणयंत्रांची खुली विक्री सुरू केली. पण कान वाहणे, दुखणे, चक्कर, अचानक आलेले बहिरेपण, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जा, ही सूचना खोक्यावर छापणे तिथे सक्तीचे आहे. आपल्याकडे मोबाइलवरून मागवलेले यंत्र थेट घरी येते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना 3,000 रुपये मिळतात आणि त्यातून श्रवणयंत्रही घेता येते. मदत योग्यच आहे. म्हातारपणी नस थकल्याने ऐकू येईनासे झालेल्यांना यंत्र लवकर मिळायलाच हवे. पण कान तपासल्याशिवाय कुणाची नस थकली आहे आणि कुणाचे हाड पोखरले जात आहे, हे कळणार कसे?

तज्ज्ञ गावोगाव नाहीत, ही सबब पुरेशी नाही. चार-पाच नेमके प्रश्न आशाताईही विचारू शकतात. ऑटोस्कोपने कानात पाहणे आणि ट्यूनिंग फोर्कची चाचणी, ही पाच मिनिटांची कामे ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात. शंका आली, तर पूर्ण ऑडिओमेट्री आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ.

शासनाने प्रत्येक वाटपाला ही तपासणी जोडावी. विक्रेत्यांनी धोक्याच्या खुणा खोक्यावर ठळक मराठीत छापाव्यात. आणि घरातल्या आजीच्या कानात कापूस दिसला, तर यंत्राच्या दुकानाआधी तिला डॉक्टरांकडे न्यावे. आजच.