टेहळणीच्या गाडीला तोफ किती मोठी हवी?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन चिलखती गाड्यांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ‘पूमा’चं. आठ चाकं, तिरक्या पोलादी भिंती आणि ५० मिमीची लांब नळीची तोफ. प्लास्टिकची मॉडेलं जोडणाऱ्यांची ती लाडकी, युद्धावरच्या व्हिडिओ गेममध्येही तिचा दबदबा. प्रत्यक्षात पूमा बनल्या अवघ्या १०१. सप्टेंबर १९४३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि वर्षभरात ते आटोपलंसुद्धा. जर्मन अभियंत्यांचं कसब दाखवायला पूमाचं उदाहरण हटकून दिलं जातं. पण ते कसब तोफेत नव्हतंच. तोफेच्या नादी लागून जर्मन सैन्यानं आपल्याच हातातली चांगली गोष्ट मागे ढकलली.

टेहळणीची चिलखती गाडी म्हणजे चाकांवरचा रणगाडा नव्हे. पूर्वी घोडेस्वार करत तेच तिचं काम: पुढे जायचं, शत्रू कुठे आहे, किती आहे, नदीवरचा पूल शाबूत आहे का, हे पाहायचं आणि ती खबर मागे पोचवायची. खबर पोचली नाही तर गाडीनं शत्रूची चार वाहनं फोडली काय आणि न फोडली काय, सारखंच.

हे जर्मनांना सुरुवातीला नेमकं कळलं होतं. व्हर्सायच्या तहानं त्यांना रणगाडे आणि चिलखती गाड्या बाळगायला मनाई केली होती. तरी १९२९ ते १९३३ या काळात सोव्हिएत रशियात कझानजवळ त्यांनी गुपचूप प्रशिक्षण केंद्र चालवलं. नंतर आलेली सहाचाकी टेहळणी गाडी बाजारातल्या ट्रकच्या चासीवर बेतलेली होती. डांबरी रस्त्यावर ती ठीक चाले, शेतात शिरली की तिची दमछाक होई. मग ब्यूसिंग-नाग कंपनीनं नवी चासी घडवली आणि २३१ क्रमांकाची आठचाकी गाडी तयार झाली.

ही गाडी जवळून पाहण्यासारखी आहे. आठही चाकांना इंजिनची ताकद मिळते आणि आठही चाकं वळतात, त्यामुळे सव्वाआठ टनांचं धूड अरुंद जागेतही फिरतं. आत चौघे: कमांडर, तोफची, पुढचा चालक आणि पाठीमागे तोंड करून बसलेला दुसरा चालक. वायरलेसही या दुसऱ्याकडेच. सहा गिअर पुढे जायला, सहाच मागे जायला. वळणावर अचानक शत्रूची तोफ समोर आली, तर गाडी वळवत बसायचं कारण नाही. मागचा चालक आपलं चाक हाती घेतो आणि गाडी आली त्याच वाटेनं जवळजवळ तितक्याच वेगानं निघून जाते. तोफ फक्त २० मिमीची आणि चिलखत पातळ, पण पळून येऊन खबर द्यायची असेल तर याहून नेमकी रचना शोधून सापडायची नाही.

दोष होतेच. लांब पल्ल्याच्या वायरलेससाठी काही गाड्यांच्या डोक्यावर खाटेच्या सांगाड्यासारखी अँटेना बसवलेली असे आणि लपायला निघालेली गाडी दुरूनच ओळखू येई. पुढे ती काढून काठीसारखी अँटेना आली. यंत्रणाही गुंतागुंतीची होती. या जातीच्या गाड्या सहाशेच्या आसपासच बनल्या.

फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेलची टेहळणी तुकडी उत्तर आफ्रिकेत त्रिपोलीला उतरली, तेव्हा ब्रिटिशांकडच्या मार्मन-हेरिंग्टन गाड्यांवर मशीनगन आणि रणगाडाविरोधी रायफल एवढंच होतं. जर्मनांच्या २० मिमी तोफेपुढे ते तोकडं पडे. म्हणून ब्रिटिशांनी हाती लागलेल्या इटालियन आणि जर्मन तोफा आपल्या गाड्यांवर चढवल्या. वाळवंटात नजर लांब पोचते, जमीन कडक असते. चाकांच्या गाडीला याहून अनुकूल रणांगण मिळणार नव्हतं.

रशियात उलटं झालं. १९४१ च्या पावसाळी शरदात रस्ते चिखलात बुडाले आणि चाकं रुतून बसली. त्यावर जर्मनांनी चारचाकी २२२ गाडीची तोफ पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेल्या हाफट्रॅकवर बसवली. हा तोडगा शहाणपणाचा होता. जमीन बदलली, तसं वाहन बदललं.

पूमाची कथा वेगळी. ऑगस्ट १९४० मध्ये नव्या आठचाकी गाडीची मागणी नोंदवली गेली. टाट्रा कंपनीचं हवेनं थंड होणारं बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन तिच्यासाठी निवडलं. उष्ण प्रदेशात पाण्याची कटकट नको, हा त्यामागचा विचार. यंत्र म्हणून ते अप्रतिम होतं, पल्लाही कितीतरी वाढला. पण मे १९४३ मध्ये आफ्रिकेतलं जर्मन सैन्य शरण आलं आणि पूमा त्यानंतर कारखान्याबाहेर पडल्या. पुढे त्याच चासीवर आखूड ७५ मिमी तोफ आली. १९४४ च्या अखेरीस तर हिटलरच्या हुकमावरून पाक-४० ही जड रणगाडाविरोधी तोफ उघड्या गाडीवर चढवली गेली. टेहळणीची गाडी रणगाड्यांशी झुंजायला निघाली ती इथे. सगळे प्रकार मिळून ही मालिका पाचशेच्या आतच थांबली. त्याच काळात ब्रिटिशांनी अडीच हजारांवर डेमलर गाड्या बनवल्या, अमेरिकेनं साडेआठ हजारांच्या आसपास एम-८. त्यांच्यावरची तोफ ४० आणि ३७ मिमीची, पण गाड्या जागेवर हजर होत्या.

या यंत्रांचं कौतुक करताना ती कुणासाठी धावली हेही सांगायला हवं. १ सप्टेंबर १९३९ रोजी डान्झिगच्या पोलिश टपाल कार्यालयावर एसएसच्या माणसांनी हल्ला चढवला, तेव्हा त्यांच्याबरोबर ऑस्ट्रियाकडून बळकावलेल्या चिलखती गाड्या होत्या. त्यांनाही दोन्ही टोकांना चालक होते. तिथे लढलेल्या आणि पकडल्या गेलेल्या टपाल कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे गोळ्या घालण्यात आल्या. कारागिरीच्या गोष्टीतून ही माणसं वगळली, तर ती गोष्ट खोटी ठरते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात महायुद्धातली जर्मन जड टेहळणी गाडी उभी आहे. त्याच शहरात संरक्षण संशोधन संस्थेच्या व्हीआरडीई या प्रयोगशाळेनं टाटांसोबत ‘व्हॅप’ ही भारतीय आठचाकी लढाऊ गाडी विकसित केली. अशा गाडीची चर्चा होते तेव्हा पहिला प्रश्न असतो तोफेचा. त्याआधी विचारायला हवं: ती कुठल्या जमिनीवर चालणार, बिघडल्यावर दुरुस्त कुठे होणार, एका वर्षात किती तयार होणार? पूमाचं घोडं याच प्रश्नांवर अडलं होतं.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीनं टेहळणीसाठी नवी गाडी घडवली, ‘लुक्स’. १९७५ पासून ती सैन्यात आली. आठ वळणारी चाकं, मागे तोंड करून बसलेला दुसरा चालक आणि दोन्ही दिशांना सारखाच वेग हे सगळं तिनं जुन्या २३१ कडून घेतलं. इंजिनचा आवाज मुद्दाम कमी ठेवला होता. चारशेवर गाड्या बनल्या, तीन दशकांहून जास्त काळ त्या वापरात राहिल्या. तोफ मात्र शेवटपर्यंत २० मिमीचीच होती.