दगडखाणीची तपासणी कशासाठी?

तहसीलदार किंवा जिल्हा खनिकर्म अधिकारी दगडखाणीवर येतात तेव्हा नेमके काय मोजतात, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा मुळातून विचारला पाहिजे. ते ब्रास मोजतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास. त्यावरचे स्वामित्वधन 2021 मध्ये 400 रुपयांवरून 600 रुपये झाले. परवाना किती ब्रासचा होता, उचलले किती गेले, आणि जमीन महसूल संहितेच्या 48 व्या कलमानुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड किती बसवायचा, या हिशेबात पंचनाम्याचा सारा जीव अडकलेला असतो. सरकारी तिजोरी बुडू नये हे योग्यच आहे. परंतु गावाच्या वाट्याला उचललेले ब्रास येत नाहीत, उरलेला खड्डा येतो. त्या खड्ड्याचे पुढे काय करावयाचे, हे विचारणे वसुली करणाऱ्या खात्याला आपले काम वाटत नाही.

शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावातून पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये काळ्या कसदार जमिनीचा पट्टा. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचे जे जाड थर आहेत त्यांतून पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या गावांच्या विहिरींना मिळते. शिवाय नंदुरबार-धुळे भागात काळ्या खडकाच्या, भिंतीसारख्या लांबच लांब रांगा जमिनीतून वर आलेल्या आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. कोठे अशी भिंत भूजलाला बांध घालते, कोठे तिच्याच भेगांतून पाणी वाट काढते. खडीच्या ठेकेदाराला मात्र ती आयती दगडाची रास वाटते. कोणती भिंत फोडली तर कोणाची विहीर आटेल, हे सुरुंग लावण्यापूर्वी तपासावयाचे असते. नंतर तपासून हाती फक्त अहवाल लागतो.

दगड, मुरूम, वाळू यांना कायद्याने ‘गौण’ खनिज म्हटले आणि त्या एका विशेषणाने फार अनर्थ केला. 1957 च्या खाण व खनिज कायद्याच्या 15 व्या कलमाने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. राज्यांनी त्यात महसूल पाहिला. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणींना पर्यावरण-मंजुरी लागत नव्हती. मग मोठ्या क्षेत्राचे पाच हेक्टरांच्या आतले तुकडे पाडून लिलाव करण्याची युक्ती निघाली. हरियाणातील अशाच लिलावांवरून दीपककुमार खटला उभा राहिला आणि 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या गटाने मार्च 2010 मध्ये केलेल्या शिफारशी राज्यांनी आपल्या नियमांत आणाव्यात, असेही न्यायालयाने बजावले. खाण आराखडा हवा, भूजलपातळीच्या खाली खोदायचे असल्यास भूजलाचा अहवाल हवा, आणि खोदून झालेल्या जमिनीच्या पुनर्भरणासाठी वेगळा निधी हवा, असे त्या गटाने म्हटले होते. महाराष्ट्राचे नवे गौण खनिज नियम 2013 साली आले आणि खाण आराखडा त्यांत आला. कागदावर बरेच काही आले.

प्रश्न पैशाचा आहे. भाडेपट्टा संपत येतो तेव्हा खाणचालकाचा शेवटचा फायदा शेवटच्या थरात असतो, आणि कडांना पायऱ्या पाडणे, बाजूला काढून ठेवलेली माती परत पसरणे, कुंपण घालणे, झाडे लावणे हा सगळा खर्च त्यानंतरचा असतो. ज्या दिवसानंतर एक रुपयाही मिळणार नाही त्या दिवसासाठी कोणता ठेकेदार खर्च करील? येथे माणसाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे. के. विल्यम कॅप यांनी खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरचा आपला ग्रंथ 1950 साली लिहिला तो याच हिशेबावर बोट ठेवून: उद्योगाच्या वहीत न चढलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जातो. उपाय एकच. पुनर्भरणाचा पूर्ण खर्च पहिल्या सुरुंगापूर्वी अनामत म्हणून घ्यावयाचा. अमेरिकेने 1977 साली उघड्या कोळसा खाणींसाठी हेच केले. खाणमालक पळाला तर सरकारला स्वतः काम पुरे करता यावे, एवढी हमी त्या कायद्याने मागितली. आपल्याकडे मोठ्या खनिजांना 2003 पासून खाणबंदीचा आराखडा व आर्थिक हमी बंधनकारक आहे. अनामत मात्र खर्चाहून कमी असेल तर तिचा उपयोग उलटा होतो. ती जप्त होऊ देणे हाच ठेकेदाराचा स्वस्त मार्ग ठरतो.

‘खड्ड्यात पाणी साठले की गावाला तळे मिळाले’ ही भाषा ठेकेदारांकडून ऐकू येते, क्वचित अधिकाऱ्यांकडूनही. ज्याच्या कडा उभ्या तुटलेल्या आहेत, ज्यात उतरायला पायरी नाही, ते तळे नव्हे. पोरे आणि गुरे बुडण्याची ती जागा आहे.

आदिवासी जमिनीच्या बाबतीत तर कायद्याची थट्टाच होऊ शकते. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली 1972 पासून याच शहाद्यात गेलेल्या जमिनी परत मिळवण्याचा लढा झाला. महसूल संहितेचे 36-अ कलम आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर बंधन घालते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. परंतु त्या मुदतीत तेथे खाण झाली तर सातबाऱ्यावर नाव आदिवासीचेच राहील आणि खाली जमीन नसेल. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस 1996 च्या पेसा कायद्याने आवश्यक केली आहे, ती याचसाठी वापरावयास हवी.

रस्त्यांना आणि घरांना दगड लागतो, खडीवर हजारो हातांची भाकरी आहे, हे आम्ही विसरत नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्या महाराष्ट्राला दगडाची किंमत कोणी शिकवायला नको. म्हणूनच खाणी बंद करा ही आमची मागणी नाही.

कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागावेत: खाण आराखडा, पर्यावरण-मंजुरीतील अटी, आणि त्या अटींच्या पूर्ततेचा शेवटचा तपासणी-अहवाल. ते ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत आणि मग सर्वांनी मिळून खाणीवर जाऊन पाहावे: माती कोठे ठेवली आहे, पायऱ्या आहेत काय, कुंपण आहे काय. आणखी एक पडताळा सोपा आहे. सार्वजनिक बांधकाम खाते हे दगडाचे मोठे गिऱ्हाईक असून ठेकेदारांच्या बिलांतून स्वामित्वधन कापून घेते. त्या बिलांतील खडी आणि खाणींच्या परवान्यांतील ब्रास ही दोन्ही सरकारचीच कागदपत्रे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी ती दरवर्षी शेजारी शेजारी ठेवून येणारी तफावत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि पुनर्भरणाची अनामत पुरेशी जमा झाल्याशिवाय एकाही पट्ट्याचे नूतनीकरण करू नये.