तारीख खरी, पण कोणत्या गणनेची?

१/ भंडारा जिल्ह्यातील एखाद्या राइस मिलच्या बिलावर ०३/०४/२०२५ अशी तारीख आहे, असे समजा. ही ३ एप्रिल की ४ मार्च? पहिली असेल तर व्यवहार आर्थिक वर्ष २०२५-२६ मधला, दुसरी असेल तर २०२४-२५ मधला. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. ते दिवस मोजायचे कोठून? प्रश्न संगणकाचा वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे.

२/ याच जिल्ह्यातील पवनी येथे वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला. वाकाटकांची दानपत्रे काळ सांगतात तो राज्यवर्षात: अमुक राजाचे अमुक वर्ष. तत्कालीन वाचकास तेवढे पुरेसे होते. राजा गादीवर कधी बसला, हे सर्वांस ठाऊक होते. पुढे राजवंश लयास गेला. आकडे उरले, पण ते कोठून मोजायचे हे सांगणारा उरला नाही.

३/ म्हणूनच वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा शिलालेखाचे मोल मोठे. देवसेन वाकाटकाच्या काळातील या लेखात शक ३८०, म्हणजे इ.स. ४५८, हा उल्लेख आहे. आकड्यासोबत गणनेचे नाव आले आणि वाकाटकांच्या कालक्रमाला भक्कम आधार मिळाला.

४/ मराठी अमदानीत शालिवाहन शक, शुहूर, फसली, हिजरी अशा अनेक गणना एकाच वेळी नांदत होत्या. १६७४ पासून त्यांत राज्याभिषेक शकाची भर पडली. तरीही मोडी कागद बहुधा वाचता येतात, कारण कारकून गणनेचे नाव लिहीत असे. शुहूर सन आहे एवढे कळले, की ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढता येतो.

५/ महाराष्ट्र शासनाचे राजपत्र आजही इसवी तारखेशेजारी ‘शके’ या शब्दासह राष्ट्रीय दिनदर्शिकेची तिथी छापते. ही परंपरा केवळ शोभेची नाही.

६/ आता सॉफ्टवेअरकडे वळू. ‘इंग्रजी (अमेरिका)’ हा पर्याय तसाच राहिला, तर महिना आधी येतो. भारतीय पर्यायात दिवस आधी. एका संगणकावरची यादी दुसऱ्यावर उघडली, की १३ ते ३१ या दिवसांच्या तारखा अडतात आणि चूक निदान दिसते. १ ते १२ या दिवसांच्या तारखा मात्र निमूटपणे उलटतात. अधिक घातक चूक हीच.

७/ भाषेच्या निवडीतही इतिहास दडलेला आहे. भाषांचे संकेत नोंदवणाऱ्या युनिकोडच्या संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक गृहीत धरले आहेत, हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक. संघराज्याच्या कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय अंक ठरवणारा राज्यघटनेचा ३४३ वा अनुच्छेद येथे आठवावा. लिपी एकच, पण अंकांची वाट वेगळी.

८/ ‘मराठी निवडली तर हिशेब अडतो, म्हणून इंग्रजीच बरी,’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो मला मान्य नाही. देवनागरी अंक न ओळखणारी सॉफ्टवेअरे आहेत, हे खरे. परंतु पुष्कळ ठिकाणी भाषा, अंक आणि तारखेची मांडणी हे तीन पर्याय स्वतंत्रपणे ठरवता येतात. एका अडचणीसाठी संपूर्ण भाषा बाजूला सारणे हा आळस आहे, व्यवहारचातुर्य नव्हे.

९/ माझे मत असे: पडद्यावर मराठी असावी, महिना अक्षरांत व वर्ष चार अंकी लिहावे, आणि पेढीतल्या सर्व संगणकांवर एकच मांडणी ठेवावी. ‘३ एप्रिल २०२५’ ही नोंद कोणीही, कधीही वाचू शकेल.

१०/ इतिहासाची आवड असलेल्यांनी तरी ही निवड दुसऱ्यावर सोडू नये. आजची बिले हीच उद्याची दफ्तरे आहेत. वाकाटकांच्या राज्यवर्षांचा उलगडा करण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. आपल्या तारखांसाठी कोणा नातवंडाला हिस्से-बोराळ्याची वाट पाहावी लागू नये.