चप्पल घालून बसा, मॅडम!

मंडळी, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवरून कधी हात फिरवून बघितलाय? मेटल बॉडी असेल तर बोटांना बारीक झिणझिण्या येतात. पहिल्या क्रशच्या असत्या तर चाललं असतं. पण हा भिंतीतल्या २३० व्होल्टचा प्रताप!

माझ्यासारख्या फ्रीलान्सरची इस्टेट म्हणजे दोनच गोष्टी. एक लॅपटॉप आणि दुसरी स्वतःच्या नावाची वेबसाइट. यंदा दोघांनीही मला शॉक द्यायचं ठरवलं.

आधी लॅपटॉप. सर्व्हिस सेंटरवाल्याने गंभीर चेहऱ्याने सल्ला दिला, ‘मॅडम, चप्पल घालून बसत जा.’ साठ हजारांच्या मशीनवर दीडशेच्या स्लिपरचा उतारा! वॉरंटी कार्डावर चपलेचा उल्लेख कुठेही नव्हता.

खरी भानगड अशी. अ‍ॅडॉप्टरच्या आत नको असलेला इलेक्ट्रिकल ‘आवाज’ दाबायला एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून किंचित करंट लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत पोहोचतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो. नसेल तर तुमच्यातून! प्रमाण सहसा अर्ध्या मिलिअँपियरपेक्षाही कमी. घरातला ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपियरला पडतो, त्यामुळे त्याला याचा पत्ताच लागत नाही. म्हणजे झिणझिण्यांनी जीव जात नाही. पण चक्क झटका बसला, तर अ‍ॅडॉप्टर गेलाय. प्लग काढा आणि तो पुन्हा लावू नका.

तीन पिनी केबल आणली, तरी झिणझिण्या तशाच. शेवटी वायरमनदादांनी बोर्ड उघडला आणि हसले. ‘ताई, तिसऱ्या भोकाला वायरच नाही. नुसतं शोभेला आहे.’ भाड्याच्या जुन्या फ्लॅटची हीच तर गंमत! घरमालकांच्या मागे लागून अर्थिंग करून घेतलं. झिणझिण्या गायब. स्लिपर दाराबाहेर.

आता दुसरा शॉक. माझ्या डॉट कॉमचं पहिलं वर्ष दोनशेच्या आत मिळालं होतं. रिन्यूअलचं बिल आलं बाराशेच्या वर, प्लस १८ टक्के जीएसटी. शिवाय कार्टमध्ये मी न मागितलेलं ‘प्रोटेक्शन’ आधीच टिक करून ठेवलेलं! भाजीवाला कोथिंबीर फुकट टाकतो, हे लोक पैसे लावून टाकतात.

‘मग सोड ना ते नाव,’ एक मैत्रीण म्हणाली. कसं सोडू? माझे सगळे लेख तिथे आहेत. संपादकांची कामं त्याच ईमेलवर येतात. नाव गेलं तर मेल बंद, आणि ते दुसऱ्या कुणी उचललं तर माझ्या नावाच्या पाटीखाली तो दुकान थाटणार. आपली ही मजबुरी रजिस्ट्रारला पक्की ठाऊक असते.

मी दुसरीकडे ट्रान्सफर मागितली. लगेच फोन. ‘मॅडम, का सोडून चाललात?’ अरे बाबा, ब्रेकअप आहे का हा? मग डिस्काउंट. मग तीन दिवस शांतता.

इथे नियम कामाला आले. डॉट कॉमसारख्या नावांवर आयकॅन या संस्थेचे नियम चालतात. किंमत किती लावायची हे ती ठरवत नाही. पण ट्रान्सफरसाठी लागणारा ऑथ कोड ग्राहकाने मागितल्यावर पाच दिवसांत द्यावाच लागतो. नवीन घेतलेलं नाव ६० दिवस हलवता येत नाही, हे खरं. मात्र त्यानंतर ‘आमची पॉलिसी नाही’ हे उत्तर चालत नाही. मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर रिमाइंडर पाठवणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. मी मेलमध्ये नियम लिहिला, तारीख टाकली, आयकॅनकडे तक्रार करेन म्हटलं. पाचव्या दिवशी कोड हजर!

आणि ते आगाऊ टिक केलेलं प्रोटेक्शन? आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ची यादीच काढली आहे. न विचारता बास्केटमध्ये वस्तू घुसवणं त्यात येतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तेव्हा बॉस, डोमेन घेताना पहिल्या वर्षाची नाही, दुसऱ्या वर्षाची किंमत विचारा. रिमाइंडर येणारा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. आणि नवीन फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाल्कनीतला व्ह्यू नंतर. आधी वायरमनला घेऊन त्या तिसऱ्या भोकात वायर आहे का, ते बघा!