विश्लेषण : क्रूझर ताशी १२० किलोमीटरच्या आसपास का अडते?

नांदेड-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाला, तशी ३५० सीसीची क्रूझर बाळगणाऱ्यांची एक तक्रार वाढली : रस्ता मोकळा, पण गाडी ११५-१२० च्या पुढे जात नाही. मग गॅरेज गाठायचे. सायलेन्सर बदला, ईसीयू ‘रीमॅप’ करा, मागचे स्प्रॉकेट लहान बसवा. प्रत्यक्षात गाडीला अडवते ती समोरची हवा.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. वेग ८० वरून १२० वर, म्हणजे दीडपट नेला तर हवा कापायला जवळपास ३.४ पट ताकद लागते. त्यात क्रूझरची बैठक अशी, की पाय पुढे, हात रुंद आणि छाती थेट वाऱ्यावर. स्पोर्ट्स बाइकचा चालक टाकीवर झुकून वारा चुकवतो; क्रूझरवाला शीड उभारल्यासारखा बसतो.

इंजिनाची घडणही निराळी. रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० ची कमाल ताकद सुमारे २० अश्वशक्ती; २७ न्यूटन मीटरचा टॉर्क मात्र ४००० फेऱ्यांवरच मिळतो. हे इंजिन निवांत ओढण्यासाठीच बनवले आहे. बजाज डॉमिनार ४०० ची ताकद जवळपास दुप्पट, तरी कमाल वेग साधारण सव्वापटच. लहान स्प्रॉकेटने तर चाकावरचा जोर घटतो आणि टॉप गिअरमध्ये वेग उलट कमीही होऊ शकतो.

लातूरहून नांदेडला येताना गाडी जास्त पळते, हे मात्र खरे असू शकते. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदावरीकाठी. येताना एकूण उतारच. शिवाय पावसाळ्यात वारा नैऋत्येचा आणि लातूर नांदेडच्या नैऋत्येलाच. जाताना समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर १०० च्या वेगातही हवेचा विरोध १२० चा. परतताना तोच वारा पाठीशी. श्रेय मिळते रीमॅपला! स्पीडोमीटरही बहुधा आकडा थोडा फुगवूनच दाखवतो.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावरही दुचाकीची मर्यादा ८० होती. तिला हसणाऱ्यांनी ब्रेकचा हिशेब पाहावा. कोरड्या डांबरावर ८० च्या वेगातली गाडी जोरदार ब्रेक लावल्यावर साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. १२० ला सुमारे ८० मीटर लागतात. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी ३३ मीटर. दुचाकीच्या लो बीममध्ये एवढ्या लांबचे दिसत नाही, आणि ऊस हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली त्याच अंधारात दुभाजकाच्या फटीतून वळते. रीमॅपचे पैसे टायर आणि ब्रेक पॅडवर घालावेत, आणि कर्णकर्कश सायलेन्सरवर चालणाऱ्या कारवाईचा उत्साह पोलीस व साखर कारखान्यांनी या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्यातही हंगामापूर्वीच दाखवावा.